दुसऱ्या कप्प्यातलं खत

संपादकांनी नोकरीच्या आठवणी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी विचारून घेतलं, की तुमचा दिवाळी अंक लोक फराळ करता करता वाचतात का. ते अभिमानाने हो म्हणाले. मग मी म्हटलं, माझा लेख अगदी शेवटी छापा. मी सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी असं सगळंच तपासत असले तरी गावात माझी ओळख एकाच गोष्टीवरून होती. बाजारात भाजी घेताना समोरून एखादा कारकून आला की नमस्कार करण्याआधी तो किंचित लाजायचा. त्याच्या पोटातलं मला ठाऊक असायचं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. यजमानांना इथल्या शाळेत शिक्षकाची नोकरी लागली आणि त्यांच्या मागोमाग मला दवाखान्यात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राखोलीच्या बाजूला कारखाने उभे राहत होते. धुळ्या-जळगावकडून पोरं कामाला येत होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करायचं तर शौच तपासल्याचा दाखला लागायचा. लोक नमुना काडेपेटीतून आणत. वरून ती पेटी अशी काही निरागस दिसायची की आमच्या शिपायाने एकदा विडी पेटवायला उघडली. त्यानंतर त्याची विडी सुटली ती कायमची. दवाखान्यातल्या कुठल्याच डॉक्टरला ते जमलं नव्हतं.

एकदा धुळ्याचा एक आचारी आला. त्याच्या नमुन्यात जंतांची इतक्या तऱ्हेची अंडी होती की मी शिकाऊ नर्सना बोलावून दाखवली. दाखला मिळणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, ते मनं नही शे." स्वतःचा नमुना बिघडलेला निघेल या भीतीने त्याने खोलीतल्या सर्वांत धडधाकट दोस्ताचा आणला होता. मग त्याला स्वतःचा आणायला लावला. तो अगदी स्वच्छ निघाला. दाखला घेऊन तो गेला आणि दोस्ताला घेऊन परत आला. दोस्त औषध घ्यायला तयार नव्हता. मी आजारी असतो तर याने माझाच नमुना का नेला असता, असा त्याचा बिनतोड सवाल होता.

हे सांगायचं कारण, माणसं दिसण्यावर जातात. धडधाकट दिसतो म्हणजे निरोगी, वास येत नाही म्हणजे स्वच्छ. माझं सगळं काम या समजुतीच्या विरुद्ध होतं, आणि त्याची खरी परीक्षा कर्णिकसाहेबांच्या संडासाने घेतली.

कर्णिक हे मुंबईहून आलेले इंजिनियर. उंच, किडकिडीत, हसताना सगळे दात दाखवणारे. एक दिवस ते लॅबमध्ये आले आणि हातातली कापडी पिशवी उघडून माझ्या नाकाजवळ धरली. काळी, भुसभुशीत माती. पावसाळ्यानंतर रानात येतो तसा वास.

"केळुसकरबाई, ओळखा हे काय आहे."

मी इतकी वर्षं त्याच धंद्यात. विचारणाऱ्याचा चेहरा पाहूनच ओळखलं.

मधुबन धरणाच्या फुगवट्याकडे, दुधनीच्या वाटेवर, एक आश्रमशाळा होती. आदिवासी मुलामुलींची, राहण्याची. मुलं रानात जायची. मुलींना ते त्रासाचं होतं. तिथे साध्या खड्ड्याचा संडास चालेना, कारण पावसाळ्यात खड्डा खालून पाण्याने भरायचा. मग कर्णिकांनी जमिनीच्या वर बांधायचा ठरवला. खाली दोन कप्पे, वर दोन बैठका. पाणी ओतायचं नाही. लघवी वेगळ्या पन्हळीने बाहेर काढायची आणि प्रत्येकीने जाऊन आल्यावर डबाभर चुलीची राख टाकायची. एक कप्पा भरला की वर फरशी ठेवून तो बंद करायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. बंद कप्प्याला वर्षभराहून अधिक हात लावायचा नाही. मग मागची झडप उघडली की आत खत तयार. पाणी नको, गटार नको, भंगी नको. साहेब या संडासाबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला आपल्या घरातल्या संडासाची लाज वाटावी.

मी म्हटलं, दिसायला छान आहे, पण अंडी मेली का?

इथे थोडी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगावी लागेल. पोटात जे लांब, पांढरे जंत होतात, त्यांची मादी रोज ढीगभर अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात. बाहेर काही आठवडे गेले की अंड्यात अळी तयार होते, आणि मातीवाटे, हातावाटे, न शिजवलेल्या भाजीवाटे ती पुन्हा कुणाच्या तरी तोंडात जाते. बाकीचे बहुतेक रोगजंतू बाहेर फार काळ टिकत नाहीत. हे अंडं मात्र कवच असं घेऊन येतं की वर्षानुवर्षं मातीत वाट पाहतं. म्हणून खत सुरक्षित आहे का, हे विचारायचं तर याच अंड्याला विचारायचं. ते मेलं, म्हणजे बाकी सगळे आधीच गेलेले असतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं की असा ढीग कुजताना तापतो आणि त्या उष्णतेने अंडी मरतात. साहेबांनी माझ्याकडून थर्मामीटर नेऊन ढिगात खुपसला. ढीग तापला होता, पण एखाद्या माणसाला कणकण असावी इतकाच. त्याने अंड्यांना काही होत नाही. आमच्याकडे काम करायची ती राख, कोरडेपणा आणि मुख्य म्हणजे काळ.

तपासणी सोपी, पण वेळखाऊ. खत मिठाच्या दाट पाण्यात ढवळायचं. अंडी हलकी, ती वर तरंगतात. ती गोळा करून पाण्याच्या बशीत ठेवायची, बुरशी धरू नये म्हणून औषधाचे थेंब घालायचे आणि कपाटात ठेवून द्यायचं. काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अंडं जिवंत असेल तर आत अळी दिसते, कधी वळवळताना. मेलेलं असेल तर नुसतं कवच आणि आत गढूळ दाणे.

साहेबांना ते आठवडे जड गेले. दर दोन-चार दिवसांनी ते दारात उभे राहून नुसती मान वर करत आणि मी मान हलवून नाही म्हणे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरे उभे असतात तसे. शेवटी बशी तपासली. अंडी होती, पण सगळी मेलेली. मी सांगितलं तेव्हा साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी आमच्या शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. लॅबमध्ये खायला मनाई होती, म्हणून आम्ही व्हरांड्यात खाल्ले.

ते खत आश्रमशाळेच्या वाडीत गेलं. वाडी बघायची लाखीबाई. ती वारली समाजातली, चाळिशीची असेल, मुलींचं जेवण रांधायची आणि उरलेल्या वेळात काकड्या, वांगी, कोथिंबीर पिकवायची. तिला संडासाचं कौतुक नव्हतं, खताचं होतं. सगळं खत एका मोसमात तिने वाडीला घातलं आणि दुसरं कधी निघतं म्हणून साहेबांच्या मागे लागली.

खत निघालं या बातमीने कचेरीत मात्र सगळ्यांना घाई झाली. पहिला कप्पा पुन्हा वापरात आला होता आणि भरलेला दुसरा बंद करून वर्ष होत आलं होतं. दिल्लीहून एक मोठे पाहुणे येणार होते. कर्णिकांच्या वरच्या साहेबांनी ठरवलं की दुसऱ्या कप्प्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते करायचं. पाहुण्यांनी झडप उघडून खत हातात घ्यायचं, आणि मग मुलींच्या पंगतीत त्या वाडीतल्या काकडीची कोशिंबीर खायची. असे संडास मग गावोगाव मंजूर होणार होते. निमंत्रणपत्रिकेवर माझंही नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच शौचामुळे माझं नाव छापलं जाणार होतं.

मी म्हटलं, दुसऱ्या कप्प्यातलं खत आधी तपासलं पाहिजे. वरचे साहेब म्हणाले, एकदा तपासलं ना. मी म्हटलं, तो पहिला कप्पा होता. त्यावर त्यांनी मला समजावलं की दोन्ही कप्पे एकाच नकाशावरून बांधलेले आहेत.

माझा हट्ट नुसता कामाचा नव्हता. त्याच शाळेतली एक मुलगी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आणली होती. पोट फुगून दगडासारखं, सारख्या उलट्या. जंतांचा गोळा आतड्यात अडकला होता. डॉक्टरांनी तिला वाचवलं. पण तिच्या आईने दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून काढले. त्या बाईचा चेहरा माझ्यासमोरून जात नव्हता. त्या शाळेतली पोरं आधीच जंतांनी भरलेली होती. त्यांच्याच पोटातलं त्यांच्याच काकडीवाटे परत त्यांच्याच पोटात घालायचं, तर त्याला निदान समारंभ तरी नको.

कर्णिकांनी माझी बाजू घेतली. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. आम्ही जीपने आश्रमशाळेत गेलो. साहेबांनी मागची झडप उघडली, मूठभर खत काढलं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. वास मातीचाच. रंगही तोच. ते माझ्याकडे बघून हसले. मी मात्र वर बैठकीकडे गेले. बंद कप्प्यावरची फरशी जागेवर होती, पण तिच्या कडेला धूळ नव्हती. फरशी रोज सरकवली जात असावी इतकी कड गुळगुळीत होती.

लाखीबाई काकडीच्या मांडवाखाली होती. मी विचारलं तेव्हा तिने काहीच लपवलं नाही.

"सकालची घंटा व्हायच्या आदी सगल्या पोरींना जावा लागते, बाय. पोरी एवढ्या आन् दार एक. रांगंत उब्या राहून रडत. आतला ढीग बसला खाली, जागा झाली. मंग मीच सरकवली फरशी."

 कर्णिकसाहेबांनी हिशोब केला होता कप्प्यांचा. पोटांची वेळ एकच असते हे त्यात धरलं नव्हतं. ते चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी येता तवा मातीच हुंगता," लाखीबाई म्हणाली. "वर कोन बगतं?"

मी झडपेतून आणि वरून असे दोन्हीकडचे नमुने घेतले आणि आम्ही परत आलो. 

बशी तयार झाली त्या दिवशी मी त्यांना निरोप पाठवला. ते आले, टाय जरासा सैल करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी स्क्रू फिरवून नेमकं दिसेल असं करून दिलं. अंड्याच्या कवचात एक बारीक अळी वेटोळं करून होती. तिने वेटोळं बदललं.

"हे हलतंय," ते म्हणाले.

"हो, साहेब."

पुष्कळ वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग म्हणाले, "आणि मी हे हातात घेऊन लोकांच्या नाकाला लावत फिरतोय."

मी त्यांना धीर दिला, की हे नाकावाटे जात नाही, तोंडावाटे जातं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्यांनी माझ्या बेसिनवर साबणाने हात धुतले, परत येऊन एकदा पाहिलं, आणि जाऊन पुन्हा धुतले.

कार्यक्रम पुढे ढकला, असं सांगायला ते वरच्या साहेबांकडे गेले. मलाही बोलावलं होतं. वरचे साहेब शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ होते. ऐकून घेणं आणि ऐकणं यातला फरक त्यांच्याइतका कुणाकडून शिकायला मिळाला नाही. ते म्हणाले, पाहुणे सूक्ष्मदर्शक घेऊन येणार आहेत का? मग माझ्याकडे वळून म्हणाले, की तुमच्या अहवालात ‘खत समाधानकारक’ एवढंच लिहिलं तर खोटं होईल का.

मी म्हटलं, "अळी हलताना दिसली तर हलत नाही असं मला लिहिता येणार नाही. तुम्ही दुसरा टेक्निशियन आणा. त्यालाही ती हलतानाच दिसेल."

ते रागावले नाहीत. पत्रिका पुन्हा छापली. तीत माझं नाव नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कर्णिक लॅबमध्ये आले. म्हणाले, उद्या पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं ते मी ठरवलंय. किलवणीच्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी जुनं, मुरलेलं शेणखत आणवलं होतं. ते एका मोठ्या लाकडी पेटीत भरून, पेटी झडपेच्या तोंडाशी आतल्या बाजूला बसवायची होती, म्हणजे झडप उघडली की तेच हाती येईल. वाडीतली काकडी खरं तर निर्धोक होती, ती पहिल्या खतावरची. पण त्यांचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता, म्हणून कोशिंबिरीची काकडीही बाजारातून आणली होती. ते मला विचारत होते, की हे पाप आहे का.

मी म्हटलं, माझ्या खात्यातला प्रश्न विचारा. जंत होणार नाहीत.

मी नर्सबायकांबरोबर मागच्या रांगेत बसून सगळं पाहिलं. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पाहुण्यांनी झडप उघडली, ओंजळभर खत काढलं आणि धीटपणे नाकाशी नेलं. सगळ्यांनी श्वास रोखला. पाहुणे म्हणाले, कमाल आहे, माणसाचा वास अजिबात नाही, उलट शेणखतासारखा येतो. कर्णिक पुढे झाले आणि म्हणाले की होय सर, प्रक्रिया नीट झाली की असंच होतं. टाळ्या पडल्या. भाषणात पाहुण्यांनी आधुनिक विज्ञान आणि गोमाता यांची अशी सांगड घातली की दोघांनाही नकार देता येऊ नये. लाखीबाई माझ्या शेजारी उभी होती. आपल्या मांडवात काकड्या लोंबत असताना बाजारची काकडी वाढल्याचा तिला एवढा राग आला होता की तिने पंगतीत स्वतःच्या हाताने एकही वाटी वाढली नाही.

पाहुणे खूश होऊन गेले आणि संडास गावोगाव मंजूर झाले. ते कसे वापरायचे हे समजावायला माणसं मंजूर झाली नाहीत. पुढे मी लसीकरणाच्या निमित्ताने पाड्यांवर जायचे तेव्हा ते दिसत. कोरडे, पक्के, वर पत्रा. लोकांनी त्यात सरपण ठेवलं होतं, कुठे कोंबड्या, एका ठिकाणी भात. सरपण उत्तम सुकायचं. त्या संडासाला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे भरल्यावर त्याला काही काळ स्वस्थ पडू देणं. सरकारच्या हातून नेमकं तेवढंच होत नाही. खंत वाटते ती याची, कारण मी पहिल्या कप्प्यातली मेलेली अंडी स्वतः पाहिली होती. उपाय खोटा नव्हता.

पण त्याच मंजुरीतून कर्णिकांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. आश्रमशाळेत आणखी बैठका बांधल्या, म्हणजे सकाळी रांग लागणार नाही. पेटी काढून टाकली, दुसऱ्या कप्प्याची फरशी सिमेंटने बसवली आणि लाखीबाईला सांगितलं की हिला हात लावलास तर काकड्यांना खत मिळणार नाही. त्यानंतर त्या फरशीजवळ कुणी मुलगी नुसती रेंगाळली तरी मांडवाखालून लाखीबाईचा आवाज येई.

कप्पा पिकायच्या आत कर्णिकांची बदली झाली, दूर, दीवला. निरोपाच्या चहाला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, काय निघेल ते मला कळवा. चांगलं-वाईट काहीही."

पुढे झडप उघडली तेव्हा कुणीही पाहुणे नव्हते. मी, लाखीबाई आणि तिच्या टोपल्या. मी नमुना आणला, बशी ठेवली, आठवडे मोजले. मग एका दुपारी एकामागून एक काचपट्ट्या पाहत गेले. रिकामी कवचं, गढूळ दाणे. कुठेही हालचाल नाही. खात्री व्हावी म्हणून डॉक्टरांनाही दाखवलं. मग पर्स उचलली आणि बाजारातल्या एसटीडी बूथवर गेले.

लाइन लागली, पण आवाज विहिरीतून यावा तसा. कर्णिक पलीकडून सारखं हॅलो हॅलो म्हणत होते. मला ओरडावं लागलं.

"साहेब, सगळी मेली. ऐकू येतंय का? सगळी. एकही जिवंत नाही."

 मग ते इतके मोठ्याने हसले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मीही हसत होते, आणि डोळ्यांत पाणीही आलं असावं, कारण काचेच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा बाकावर नंबर लावून बसलेले लोक उठून उभे राहिले होते. बूथवाले गुजराती काका पाण्याचा ग्लास घेऊन आले, मला स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरचेच होते का, बेन?"

मी पाणी पीत म्हटलं, "नाही हो. आश्रमशाळेतली होती."

काका मटकन खुर्चीत बसले. एका बाईने तोंडावर पदर घेतला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मग घाईघाईने मी सगळ्यांना समजावून सांगितलं, मुलींच्या पोटातले जंत, त्यांची अंडी, संडासाचे कप्पे, राख आणि माझी तपासणी. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईने पदर नाकावर घेतला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, आणि फडकं ओलं करून ते आत जाऊन रिसीव्हर पुसू लागले.